पाठमोऱ्या माणसाचं वाक्य

"हं," प्रबुद्ध म्हणाला.

"नको रे. हा होकाराचा झाला," काचेपलीकडून डबिंग करून घेणाऱ्या रत्नप्रभाताईंचा आवाज हेडफोनात आला. "ती विचारतेय, बर्फ कधी थांबणार. ह्याला माहीत नाही. आणि माहीत नाही हे सांगायचीसुद्धा ह्याला लाज वाटतेय. तसला 'हं' दे."

पडद्यावर योनास नावाचा दाढीवाला गोरा माणूस बर्फ उपसायच्या गाडीत बसून काचेबाहेर बघत होता. प्रबुद्धने मान जराशी खाली घेतली, पँटची शिवण चिमटीत धरली आणि पुन्हा म्हणाला, "हं."

"हां! झकास. मिथुन, ठेव हा."

मिथुनने पलीकडून अंगठा दाखवला. रेकॉर्डिंगच्या मशीनवर तो बसायचा, आणि बसणं हेच आपलं मुख्य काम आहे असं त्याचं मत होतं.

अंधेरी पूर्वेला मरोळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, खोक्यांच्या कारखान्याच्या डोक्यावर हा डबिंग स्टुडिओ होता. खालच्या मशीनची धडधड वर येऊ नये म्हणून भिंतींना इतका फोम लावला होता, की बूथमध्ये पाऊल टाकलं की कानात बोळे घातल्यासारखं वाटायचं. प्रबुद्धला ती जागा जगातल्या बाकी सगळ्या जागांपेक्षा जास्त आवडायची.

मालिका कुठल्याशा थंड देशातली होती. त्यात मुख्य माणसं दोनच. एक हा योनास आणि दुसरी गावातल्या पोहण्याच्या तलावावर लक्ष ठेवणारी मारित. दोघंही एकटी, आणि दोघंही इतकी घुमी, की पहिल्या भागात ती एकमेकांशी जे काही बोलली ते एका पोस्टकार्डावर सहज मावलं असतं. तो तिच्यासाठी पहाटे तलावाच्या दारातला बर्फ काढून जायचा आणि सांगायचा नाही. ती त्याच्यासाठी दाराशी कॉफीचा थर्मास ठेवायची आणि तीही सांगायची नाही. असं भागामागून भाग चाललेलं. "ह्याचं मराठी करायला काय अक्कल लागते? नुसते सुस्कारे तर आहेत," असं मिथुन एकदा बोलून गेला आणि रत्नप्रभाताईंनी त्याची अशी काही हजेरी घेतली की बिचारा आठवडाभर वेळेवर आला.

"बडबड्या माणसाला कोणीही आवाज देतो, मेल्या," त्या म्हणाल्या होत्या. "गप्प माणसाला आवाज द्यायला आतून गप्प माणूस लागतो. म्हणून घाटकोपरहून ह्याला बोलावते."

हे अगदी खरं होतं. सिनेमात कोणी एकलकोंडा शवागारवाला, मुका वाटणारा मारेकरी किंवा बायको गेल्यापासून बोलणंच टाकलेला शेतकरी असला, की प्रबुद्धचा फोन वाजायचा. घरी मात्र त्याचं कौतुक वेगळ्या तऱ्हेने व्हायचं. "घरात तोंड उघडत नाहीस आणि बाहेर तोंड उघडायचे पैसे घेतोस," त्याची आई, शकुताई, भाजी निवडता निवडता म्हणायची. आठ वर्षांचा असताना विहारात जयंतीच्या कार्यक्रमात भाषणाला उभा राहिला, 'जय भीम' म्हणाला, आणि पुढे जो गप्प झाला तो झालाच. लोकांना वाटलं भाषण संपलं. टाळ्या पडल्या. पण त्याच संध्याकाळी कोणाचं तरी पोर गर्दीत हरवलं, तेव्हा स्टेजच्या पडद्यामागे बसून माईकवर ह्यानेच असं खणखणीत पुकारलं, की पोराच्या आधी पोराचा बाप धावत आला. पडद्यामागे असला की प्रबुद्ध कोणालाही ऐकत नसे.

सिनेमातल्या अबोल माणसांचा त्याला कधी कधी हेवा वाटायचा. त्यांचं बरं असतं. ते गप्प बसले की कॅमेरा जवळ येतो, मागे हळूच व्हायोलिन सुरू होतं, आणि बघणाऱ्याला बरोब्बर कळतं की ह्याच्या मनात किती काय काय आहे. घाटकोपरला आपण गप्प बसलो की शेजारच्या मावशी विचारतात, दाढ दुखतेय का रे?

आणि आता तर त्याच्या मनात खरंच फार काय काय होतं. चेतना होती.

डबिंगला हल्ली दोन कलाकार एकत्र उभे राहत नाहीत. एक येतो, आपली वाक्यं बोलून घरी जातो. दुसरा नंतर येतो आणि पहिल्याचा आवाज कानात घेऊन आपली वाक्यं भरतो. पडद्यावर जन्मोजन्मीचं प्रेम करणाऱ्या दोघांनी एकमेकांचं तोंडसुद्धा पाहिलेलं नसतं. मारितचा आवाज चेतनाचा. ती सकाळी यायची, कारण दुपारी तिला मुलुंडला चष्म्याच्या दुकानात कामाला जायचं असे. प्रबुद्ध दुपारी यायचा. तिच्या ट्रॅकमधलं वाक्याबाहेरचं बोलणं पुसून मग तो प्रबुद्धच्या कानात सोडायचा, हे काम मिथुनचं. "नंतर सगळं एकदम करतो," असं मिथुन म्हणायचा. त्यामुळे मारितचे सुस्कारे संपले की मध्ये चेतना ऐकू यायची.

"मिथुन, एसी कमी कर ना रे. बर्फ हिच्या गावात आहे, माझ्या नाही."

"सॉरी सॉरी, बांगडी वाजली. काढून ठेवते."

"ताई, ह्या बाईला आई नाहीये का हो? कोणी तिला जेवलीस का म्हणून विचारतच नाही."

एकदा तर ती टेक चालू असतानाच ओरडली होती. "अय्या! ह्याने तिच्यासाठी बर्फ काढला आणि सांगितलंसुद्धा नाही! काय माणूस आहे यार!" त्या दिवशी प्रबुद्ध मेट्रोत मरोळपासून घाटकोपरपर्यंत उभ्याने हसत गेला. जणू फावडं त्यानेच मारलं होतं. आणि एकदा, बहुधा जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर, ती हळूच म्हणाली होती, "इथे बरं वाटतं नाही? अंधार असतो. कोणी बघत नाही." हे वाक्य मारितच्या वाट्याचं नव्हतंच, पण प्रबुद्धने पुन्हा लावायला सांगून परत ऐकलं होतं. मिथुनला कारण सांगितलं, लेव्हल बघतोय.

सरळ सांगायचं तर ती त्याला आवडली होती. फार आवडली होती. एकदा तो मुद्दाम लवकर येऊन स्टुडिओच्या पॅसेजमध्ये बसला. दारावरचा लाल दिवा लागलेला, म्हणजे ती आत होती. दिवा विझला तसा प्रबुद्ध ताडकन उठला आणि जिना उतरून थेट खोक्यांच्या कारखान्यात घुसला. ती निघून गेल्याची खात्री होईपर्यंत तो खोक्यांचे भाव विचारत होता. एवढी बोलकी, हसरी पोरगी. आपल्यासारख्या ठोंब्याशी बोलून ती काय करणार?

आज शेवटचा भाग होता. पुढचा सीझन मराठीत करायचा की नाही, ते अजून कोणी सांगितलेलं नव्हतं. काम संपलं की ती तिच्या मुलुंडला आणि हा आपला घाटकोपरला, मध्ये काय तर काहीच नाही.

त्यातून आज हेडफोनात ती नव्हतीच.

"चेतना उद्या दुपारी येतेय," ताईंनी आल्याआल्या सांगितलं होतं. "बहिणीचं बाळ आज घरी आणणार आहेत. तू आधी करून टाक. ती तुझ्यावर भरेल."

म्हणजे ह्या वेळी सगळं उलटं होतं. पहिल्यांदाच त्याचा आवाज तिच्या कानात जाणार होता. मिथुनने न पुसलेला. दोन वाक्यांच्या मध्ये काहीतरी बोलावं, सहज, तिच्यासारखं, असं प्रबुद्धने सतरा वेळा ठरवलं. एकदा तोंड उघडलंसुद्धा. बाहेर आलं ते एवढंच, "मिथुन, एसी..." आणि मग पुढे काय म्हणायचं ते सुचेना.

"एसीचं काय?" मिथुनने विचारलं.

"चांगला आहे," प्रबुद्ध म्हणाला.

असं करत करत शेवटचा प्रसंग आला. योनासची बदली झालीय, तो मारितच्या घरी निरोप घ्यायला येतो. दार उघडं आहे, ती आत उभी आहे. हा दारात. कॅमेरा त्याच्या मागे, त्यामुळे आपल्याला दिसते फक्त त्याची पाठ आणि टोपीवर पडणारा बर्फ. मूळ मालिकेत तो काहीच बोलत नाही. नुसता उभा राहतो, बराच वेळ.

"मालिका दाखवणाऱ्या ॲपवाल्यांचा फोन होता," रत्नप्रभाताई म्हणाल्या. "म्हणे एवढा वेळ शांतता चालणार नाही, लोकांना वाटेल आवाज गेला. एक वाक्य घालायचंय. मी लिहिलंय, 'काळजी घे, मारित.' घे."

"काळजी घे, मारित," प्रबुद्ध म्हणाला.

"पुन्हा."

"काळजी घे, मारित."

"काय रे, शेजारणीला सांगतोयस होय, पायरी निसरडी आहे म्हणून?"

मग प्रबुद्धने आजवर कुठल्याच स्टुडिओत न केलेली गोष्ट केली. तो वाद घालायला लागला.

"ताई, हा नाही असं म्हणणार."

"का नाही म्हणणार?"

"ज्याला काहीच म्हणायचं नसतं तो काळजी घे म्हणतो. ह्याला म्हणायचंय. इतके दिवस म्हणायचंय. तो इथपर्यंत चालत आलाय ना."

काचेपलीकडे मिथुनने हातातला मोबाईल खाली ठेवला. रत्नप्रभाताईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्या माईकजवळ सरकल्या.

"बरं. मग तूच सांग तो काय म्हणेल. पाठ आहे त्याची."

डबिंगवाल्यांना पाठमोरा माणूस फार प्रिय. चेहरा समोर असला की ओठ उघडतील-मिटतील तसे शब्द मोजूनमापून बसवावे लागतात. एकदा का माणसाने पाठ फिरवली, की तो मोकळा. त्याच्या तोंडी काहीही घालावं, कोणी पकडायला येत नाही.

पडद्यावर योनास पुन्हा दारात येऊन उभा राहिला. टोपीवर बर्फ पडायला लागला. प्रबुद्धने डोळे मिटले.

"मी तुला रोज ऐकतो," तो म्हणाला. "तू मध्ये मध्ये जे बोलतेस ना, ते. एसीचं, बांगडीचं. मला ते सगळं पाठ आहे. तू बोलायची थांबलीस की मला पुढे काय करायचं ते कळत नाही. आणि माझं बोलणं हे असंच आहे, ह्याच्याहून जास्त मला जमत नाही. उद्या चार वाजता मी खाली टपरीवर असेन. नाही आलीस तरी चालेल. नाही, म्हणजे... चालणार नाही. पण ये."

डोळे उघडले तेव्हा पडद्यावर मालिका कधीच संपून गेली होती, नावं सरकत होती.

"लांबलं," रत्नप्रभाताई म्हणाल्या. "आणि ह्या बर्फात टपरी कुठून आणलीस?"

"ताई, पुसा ते." प्रबुद्धचे कान तापले होते. "चुकून झालं. प्लीज पुसा."

"ॲपवाल्यांना मी 'काळजी घे' पाठवते, एकदा नीट बोलून जा. राहिला हा टेक, तर पुसायचं काम मिथुनचं." त्यांनी मागे वळून विचारलं, "काय रे मिथुन?"

"नंतर सगळं एकदम करतो, ताई," मिथुन गंभीरपणे म्हणाला.

त्या संध्याकाळी प्रबुद्ध जेवताना भात नुसता चिवडत बसला. शकुताईंनी थोडा वेळ वाट बघितली, मग ताटात आणखी आमटी वाढली.

"कोण आहे?"

प्रबुद्ध दचकला. लपवण्यात अर्थ नव्हता. "चेतना नाव आहे."

"बरं. दिसायला कशी आहे?"

"बघितली नाही."

"अगं बाई! मग आहे तरी का नक्की?"

"आहे. बोलते छान."

शकुताई हसून हसून पाटावरच मागे टेकल्या. "चला, घरात एक तरी बोलणारं येईल," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसत त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी चारच्या कितीतरी आधी तो इस्टेटच्या फाटकाजवळ कुंडलिकच्या टपरीवर हजर होता. इस्त्रीचा शर्ट, वर आईने बळेच शिंपडलेलं अत्तर. त्याने सवयीप्रमाणे कुंडलिकला एक बोट दाखवलं, कुंडलिकने सवयीप्रमाणे एक कटिंग पुढे केला. इतक्या महिन्यांत दोघांच्यात ह्यापेक्षा जास्त बोलणं झालेलंच नव्हतं.

त्याने पहिला घोट घेतला. आईने काल विचारलं ते त्याला आत्ता कळलं. आपण तिला पाहिलेलं नाही. तिने आपल्याला पाहिलेलं नाही. वाट लागली! ये म्हणून सांगितलं, पण ओळखायचं कसं, ते सांगायचं राहूनच गेलं. आवाजाने ओळखू, असं तो मनात धरून चालला होता, कारण आवाजाखेरीज काही ओळखायचं असतं हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग तो कान लावून उभा राहिला. खोक्यांच्या कारखान्यातली माणसं आली, चहा पिऊन गेली. दोन मुली खिदळत आल्या. त्यातली एक इतकी बोलत होती की प्रबुद्धला वाटलं, हीच. तो सरकत सरकत त्यांच्या मागे गेला. आवाज किनरा होता. ही नव्हे. ती मुलगी वळून त्याच्याकडे बघायला लागली, तसा तो घाईघाईने बिस्किटांच्या बरण्या न्याहाळायला लागला. एक कुरिअरवाला फोनवर भांडून गेला. बरण्यांच्या पलीकडच्या कोपऱ्यात गडद हिरव्या कुर्त्यातली एक बाई कोपरात हेल्मेट अडकवून उभी होती. तिने आल्यापासून तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. चहासुद्धा तिने बोट दाखवूनच मागितला. प्रबुद्धने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सोडून दिलं. चेतना असती तर एव्हाना तिने कुंडलिकला त्याच्या गावापासून पोराबाळांपर्यंत सगळं विचारलं असतं.

चार वाजून गेले. फाटकातून येणारी माणसं कमी झाली. प्रबुद्धच्या मनात नाही नाही ते यायला लागलं. तिला राग आला असेल. हसली असेल. किंवा, आणि हा विचार सगळ्यात भयंकर होता, मिथुनने आयुष्यात पहिल्यांदा काम वेळेवर केलं असेल.

ऊन टपरीच्या पत्र्यावरून खाली उतरलं. प्रबुद्धने रिकामा ग्लास फळीवर ठेवला.

"अजून एक देऊ?" कुंडलिकने विचारलं.

एरवी त्याने नुसती मान हलवली असती. पण आज मान हलवून भागेल असं त्याला वाटेना. एवढं मोठं काहीतरी आपल्या हातून निसटून गेलं, ते कोणाला तरी, निदान चहावाल्याला तरी, नीट सांगावं असं त्याला वाटलं. भर रस्त्यात, उजेडात, समोर काच नाही की पडदा नाही, अशा जागी त्याने आयुष्यातलं पहिलं पूर्ण वाक्य म्हटलं.

"नको दादा. एक जण येणार होती, तिच्यासाठी थांबलो होतो. ती आली नाही."

बाजूला चहा सांडल्याचा आवाज झाला.

हिरव्या कुर्त्यातली बाई त्याच्याकडे बघत होती. तिचा ग्लास हातात तिरका झाला होता आणि चहा हेल्मेटवर सांडत होता, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. गालांवर लाली चढत चढत कानांपर्यंत गेली. आजूबाजूला कारखान्यातली माणसं, रिक्षावाले, कुंडलिक, एवढी सगळी बघत असताना तिला एक शब्द फुटेना.

प्रबुद्ध बघतच राहिला. हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. पाठोपाठ तो इतका हसला की त्याला बरणीला धरून उभं राहावं लागलं. तीही हसायला लागली, हाताने तोंड झाकून, आवाज न करता.

मग तिने कुंडलिककडे वळून दोन बोटं दाखवली.

"दोन?" कुंडलिक म्हणाला. "दुसरा कोणाला?"

तिने हेल्मेट उचलून प्रबुद्धकडे केलं.

कुंडलिकने एकदा ह्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. दोन ग्लास फळीवर आपटून त्याने किटली तिरकी केली.

"केव्हापासून एकमेकांच्या शेजारी उभे आहात," तो वैतागून म्हणाला. "आधी बोलायला काय झालं होतं तुम्हाला? एवढं अवघड असतं का?"

दोघांनी एकदमच माना हलवल्या. हो.